चार तारा, एक भोपळा : गावाच्या वारशाचा अनधिकृत झेंडा कसा घडवायचा

मिरजेहून दक्षिणेला निघालं की थोड्याच वेळात कर्नाटकाची हद्द लागते आणि रिक्षांवर, दुकानांवर, चौकातल्या खांबांवर पिवळा-लाल झेंडा दिसू लागतो. तो कुठल्या कायद्यातून आलेला नाही. १९६०च्या दशकात कन्नड चळवळीतून निघाला आणि लोकांनी उचलून धरला. २०१८ साली कर्नाटक सरकारने राज्याचा झेंडा म्हणून नक्की केला तो वेगळाच, पिवळ्या-लालमध्ये पांढरा पट्टा आणि त्यावर राज्यचिन्ह असलेला. तरी रस्त्यावर फडकतो तो जुना दोनरंगीच. अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरातही असंच घडलं. २०१६ साली हजाराहून अधिक नमुन्यांतून निवडलेला ‘लोकांचा झेंडा’ महापालिकेच्या शिक्क्याशिवायच टोप्यांवर आणि घरांवर पोचला.

अनधिकृत झेंड्याची ताकद इथे आहे. त्याला ठराव लागत नाही, पण लोकांनी तो स्वतःहून लावावा लागतो. त्यामुळे तो सरकारी झेंड्यापेक्षा जास्त काटेकोरपणे घडवावा लागतो. वाईट सरकारी झेंडा निदान आदेशाने तरी चढतो. वाईट अनधिकृत झेंडा कपाटातच राहतो.

या लेखात मिरज हे गाव उदाहरणासाठी धरलं आहे. १९९८ साली सांगली, मिरज आणि कुपवाड मिळून एक महानगरपालिका झाली, त्यामुळे फक्त मिरजेची म्हणावी अशी नगरपालिका वा तिचं बोधचिन्ह आज नाही. ओळख ठसठशीत आणि तिला अधिकृत चिन्ह नाही, अशा गावाला असा झेंडा शोभतो. झेंड्याचं चिन्ह म्हणून मिरजेचा तंबोरा घेतला आहे. तुमचं गाव दुसरं असेल तर तंबोऱ्याच्या जागी तुमची वस्तू ठेवा. मोजमापांचा हिशेब तोच राहील.

आधी कायद्याची चौकट

गावाच्या नावाने खाजगी झेंडा करण्यावर बंदी नाही. बंधनं आहेत ती तो कसा दिसावा आणि कुठे लागावा याची. भारतीय ध्वजसंहिता, २००२ नुसार दुसरा कुठलाही झेंडा राष्ट्रध्वजापेक्षा उंच लावता येत नाही, त्याच खांबावर राष्ट्रध्वजासोबत चढवता येत नाही आणि संहितेत दिलेले अपवाद सोडले तर शेजारीही लावता येत नाही. १५ ऑगस्ट, २६ जानेवारीला गावचा झेंडा सरळ उतरवून ठेवावा. वादच राहत नाही. केशरी-पांढरा-हिरवा असे तीन आडवे पट्टे कुठल्याही क्रमाने वापरू नयेत.

अशोकस्तंभ असलेल्या राजचिन्हासाठी २००५चा वेगळा कायदा आहे. १९५०च्या बोधचिन्हे व नावे कायद्याच्या अनुसूचीत छत्रपती शिवाजी महाराजांचं नाव आणि चित्रही येतं, म्हणजे सरकारी परवानगीशिवाय त्यांचा व्यापारी वापर चालत नाही. झेंडे, टी-शर्ट, कप विकायचा विचार असेल तर हे आधीच ध्यानात घ्या. महापालिकेचं बोधचिन्ह तर अजिबात घेऊ नका. ते घेतलं की झेंडा अधिकृत असल्याचा आभास होतो आणि नोटीस यायला वाट मोकळी होते. विजेच्या खांबांवर, सार्वजनिक भिंतींवर परवानगीशिवाय काही लावणं १९९५च्या महाराष्ट्र मालमत्ता विद्रूपण प्रतिबंधक कायद्यात बसू शकतं. पहिले झेंडे खाजगी गच्च्यांवर, दुकानांवर आणि तालमींवर, मालकाच्या होकाराने लावावेत.

वारशाची यादी, आणि मग तिची काटछाट

गावातल्या पाच-दहा जाणत्यांना बसवून ‘मिरज म्हटलं की काय आठवतं’ असं विचारा. अर्ध्या तासात यादी होईल: ख्वाजा शमना मीरा यांचा दर्गा, कृष्णा नदी, किल्ला, सितार-तंबोऱ्याची सितारमेकर गल्ली, गायक उस्ताद अब्दुल करीम खाँ, वानलेस यांचं मिशन हॉस्पिटल, रेल्वे जंक्शन, २०१६च्या दुष्काळात लातूरला पाणी घेऊन गेलेली गाडी, द्राक्षं, कुस्ती. प्रत्येक गोष्ट खरी आहे आणि प्रत्येकीचा एक वकील खोलीत बसलेला असतो. झेंडे बिघडतात ते इथे. सगळ्यांना खूश करायला दहाही गोष्टी चार चौकोनांत बसवल्या की झेंड्याचा लग्नपत्रिकेसारखा कागद होतो.

चाळणी तीन प्रश्नांची ठेवा आणि उत्तरं लिहून काढा, नाहीतर आवाज मोठा असणारा जिंकतो.

पहिला प्रश्न: हे फक्त आपलंच आहे का? कृष्णा सांगलीचीही आहे, वाईचीही आणि विजयवाड्याचीही. किल्ले महाराष्ट्रात गावोगाव आहेत. द्राक्षांवर तासगावचा हक्क आधी. मिरजेचा तंबोरा मात्र मिरजेचाच. २०२४ साली मिरजेच्या सितारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं.

दुसरा प्रश्न: हे आज चालू आहे का? शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांतले कारागीर एकोणिसाव्या शतकात वाद्यांकडे वळले आणि त्यांची पुढची पिढी आजही भोपळा कोरते, जवारी लावते (म्हणजे तारेला झंकार यावा म्हणून घोडी घासून नेमकी करते). कामगार जिवंत आहेत म्हणून चिन्ह जिवंत राहतं. केवळ भूतकाळातली गोष्ट घेतली की झेंडा स्मारकासारखा दिसतो.

तिसरा प्रश्न: आठ वर्षांचं पोर हे चार रेघांत काढेल का? दर्गा, हॉस्पिटल, किल्ला या इमारती आहेत, आणि इमारत झेंड्यावर नेहमी बारीक होते. घुमट काढला की तो कुठल्याही घुमटासारखा दिसतो.

यात आणखी एक नियम पाळावा, तो कटू वाटला तरी: व्यक्ती नको, देवस्थान नको. अब्दुल करीम खाँ मिरजेत राहिले, १९३७ साली वारल्यावर इथेच दर्ग्याच्या आवारात त्यांचं दफन झालं आणि त्यांच्या स्मरणार्थ उरुसात गायन होतं. गावाच्या स्मृतीत त्यांची जागा मोठी आहे. पण चेहरा कापडावर विद्रूप होतो, आणि एका माणसाचा चेहरा घेतला की दुसऱ्या माणसाचा का नाही हा प्रश्न दुसऱ्या दिवशी येतो. तंबोरा घेतला की खाँसाहेबही त्यात येतात, कारागीरही आणि दर्ग्यातली मैफलही. एक चिन्ह इतक्या गोष्टी वाहून नेत असेल तर ते चिन्ह बरोबर.

रंग : इथे सगळ्यात जास्त वेळ द्या

भारतीय गावात कुठलाच रंग रिकामा नसतो. भगवा, हिरवा आणि निळा हे तीन रंग मोठ्या क्षेत्रात वापरले की झेंडा एका समाजाचा किंवा पक्षाचा ठरतो, मग तुम्ही कागदावर काहीही स्पष्टीकरण लिहा. काळा निषेधाचा. नुसता पांढरा लवकर मळतो आणि शरणागतीचा विनोद ओढवून घेतो. पिवळा खंडोबाच्या भंडाऱ्याचा म्हणून बरा वाटतो, पण मिरजेसारख्या सीमेजवळच्या गावात पिवळ्याखाली लाल आलं की लोक थेट कन्नड झेंडा वाचतात. सीमाभागात ही चूक महागात पडेल.

म्हणून रंग झेंड्यांच्या यादीतून न घेता वस्तूतून घ्या. तंबोऱ्याचा भोपळा आणि तुनीच्या लाकडाची दांडी यांवर पॉलिश चढलं की गडद लालसर तपकिरी झाक येते. घोडी (तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी) आणि कडेची नक्षी फिकट, हस्तिदंती. शुद्ध तपकिरी कापडावर मळकट दिसतो, जुन्या पायपुसण्यासारखा, म्हणून तो लालाकडे ढकलून मरून करावा. दोन रंग पुरेत (आरजीबी म्हणजे संगणकातले लाल, हिरवा, निळा यांचे आकडे):

मरून — आरजीबी १०७, ३१, ४२
फिकट हस्तिदंती — आरजीबी २४३, २३०, २००

या दोघांतला उजेडाचा फरक सुमारे ९ : १ भरतो. हा आकडा महत्त्वाचा अशासाठी की संध्याकाळी, पावसात किंवा लाल-हिरवा भेद न कळणाऱ्या डोळ्यांना रंग नीट ओळखू येत नाहीत, उजेड-अंधाराचाच आधार असतो. तपासायला संगणक नको: नमुन्याची काळी-पांढरी झेरॉक्स काढा. त्यात दोन भाग एकसारखे राखाडी आले तर रंग बदला. भडक लाल आणि गडद हिरवा शेजारी ठेवणारे इथेच नापास होतात.

मरून उन्हात फिका पडून गुलाबी-केशरी होईल का, ही खरी भीती. कापड नक्की करण्याआधी रंगवलेल्या पट्टीचा अर्धा भाग पुठ्ठ्याने झाकून एप्रिल-मेमध्ये चार आठवडे गच्चीवर ठेवा. पुठ्ठा काढल्यावर मधली रेघ ठळक दिसली तर तो रंग किंवा ती शाई बाद.

आकार : चित्र काढू नका

पहिला विचार सगळ्यांचा तोच असतो: मधोमध उभा तंबोरा. काढून पाहा. आडव्या कापडावर उभं वाद्य बसवलं की भोपळा झेंड्याच्या उंचीच्या चौथ्या हिश्शाएवढा उरतो, दांडीची सुतळी होते आणि तीस पावलांवरून ती आमटीची पळी दिसते. तिरका केला तर गदा. सितार काढली तर खुंट्या आणि पडद्यांची गर्दी. चार तारांच्या तंबोऱ्याच्या दोन खुंट्या समोर असतात आणि दोन बाजूंना, म्हणजे नुसत्या छायाकृतीत दोनच दिसतात. वाद्य ओळखणारे ‘चुकलं’ म्हणतात आणि न ओळखणाऱ्यांना चारही कळत नाहीत.

सुटका अशी की वाद्य आडवं करायचं आणि त्याचे दोनच भाग ठेवायचे: गोल आणि चार तारा. गोल काठीकडे, तारा मोकळ्या बाजूकडे धावणाऱ्या. चार समांतर रेघा रेल्वेच्या दोन रुळजोड्याही वाटतात, आणि जंक्शनच्या गावाला ते फुकटात मिळतं. (हा दुसरा अर्थ झेंड्यासोबत छापून सांगू नका. लोकांना तो स्वतः सापडू द्या, ते तो दुसऱ्यांना सांगतात.)

मजकूर नको. ‘मिरज’ असं नावही नको. कापड आरपार दिसतं, मागून अक्षरं उलटी वाचावी लागतात. आणि फडकताना कुणीही वाचत नाही. नाव लिहावं लागलं म्हणजे चिन्ह पुरेसं बोलत नाही. अमेरिकेतल्या पोकाटेलो शहराच्या जुन्या झेंड्यावर घोषवाक्य होतं आणि कॉपीराइटची खूणही. २००४च्या एका पाहणीत तो देशातल्या शहरांच्या झेंड्यांमध्ये शेवटचा आला आणि २०१७ साली शहराने तो बदलला.

बारीक रेघ किती बारीक?

सुदृढ डोळ्याला एक मिलिमीटरची रेघ सुमारे साडेतीन मीटरपर्यंत वेगळी कळते, त्यापुढे ती शेजारच्या रंगात विरघळते. ही आदर्श स्थिती झाली. हलतं कापड, मागून येणारा उजेड आणि धूळ धरली तर एक तृतीयांश माना. म्हणजे ढोबळ नियम: मिलिमीटरला एक मीटर. पन्नास मीटरवरून जे दिसायला हवं ते पन्नास मिलिमीटर जाड हवं. रेघांमधली मोकळी जागाही तेवढीच, कारण ती मिटली की चार तारांचा एकच फिका पट्टा होतो.

घरबसल्या तपासायचं तर कागदावर १५ × १० मिलिमीटरचा झेंडा काढून हातभर, म्हणजे अर्ध्या मीटरवर धरा. ९० × ६० सेंटिमीटरचा खरा झेंडा तीस मीटरवरून डोळ्यात एवढाच भरतो. बहुतेक कल्पना या नखाएवढ्या चौकोनात मरतात आणि ते उत्तमच, कारण तिथे मरायला खर्च येत नाही. प्रत्येकाने असे वीस चौकोन काढावेत. मोठ्या कागदावर सुरुवात केली की हात आपोआप तपशील भरायला लागतो.

आखणी

झेंड्याचं प्रमाण ३ : २ ठेवा. राष्ट्रध्वजाचंही तेच आहे, त्यामुळे शिवणाऱ्यांच्या हाताला ते बसलेलं असतं आणि काठ्याही त्या हिशेबाने मिळतात. रुंदीला ३६ आणि उंचीला २४ घरं पाडा. पाच मिलिमीटरच्या आलेख कागदावर हे १८ × १२ सेंटिमीटर होतं. ९०० × ६०० मिलिमीटरच्या कापडावर एक घर बरोबर २५ मिलिमीटर.

सगळी मोजणी काठीकडची कड आणि वरची कड यांपासून:

गोलाचा मध्य — काठीपासून ११ घरं, वरून १२ घरं.
त्रिज्या — ९ घरं. वर-खाली ३ आणि काठीकडे २ घरं मोकळी राहतात.
तारा — प्रत्येकी २ घरं जाड, मध्ये २ घरांची मोकळीक. वरून ५ ते ७, ९ ते ११, १३ ते १५ आणि १७ ते १९.
तारांची सुरुवात — काठीपासून ९ घरं सोडून, सगळ्या एका रेषेत. तिथून मोकळ्या कडेपर्यंत सलग.

रंग असा: जमीन मरून, गोल हस्तिदंती. तारा गोलाच्या आत मरून आणि गोलाबाहेर हस्तिदंती, म्हणजे गोलाची कड ओलांडताना रंग पलटतो. या पलटण्यामुळे दोन रंगांत काम भागतं आणि तार तबलीवरून (भोपळ्यावरच्या लाकडी झाकणावरून) निघून दांडीवर गेल्यासारखी वाटते. हस्तिदंती भाग एकूण क्षेत्राच्या साधारण ३६ टक्के भरतो; झेंडा गडद दिसतो, पण कोंदट नाही.

तारांच्या सुरुवातीला घोडी म्हणून एक उभी पट्टी घालायचा मोह होईल, कारण खऱ्या वाद्यात ती असते. घालू नका. उभी पट्टी आणि तिला चार दात म्हणजे कंगवा. तारा अर्ध्या जाडीच्या करून वाद्याच्या जवळ जायचाही मोह होईल. त्या ९०० मिलिमीटरच्या झेंड्यावर २५ मिलिमीटरच्या होतात आणि चौकाच्या पलीकडून दिसत नाहीत.

काठीकडची बाजू सगळ्यात कमी हलते आणि वारा पडला तरी तीच उघडी राहते, म्हणून गोल तिथे. मोकळी बाजू सतत फटके खाऊन आधी फाटते. तिथे आडव्या रेघाच असल्याने दोन सेंटिमीटर कापून पुन्हा दुमडलं तरी नक्षी बिघडत नाही. त्या टोकाला चिन्ह असतं तर पहिल्या पावसाळ्यानंतर ते अर्धं झालं असतं. आणखी एक फायदा, वरची आणि खालची बाजू सारखी असल्याने हा झेंडा उलटा लागूच शकत नाही. मिरवणुकीत उभा टांगायचा असेल तर भोपळा खाली यावा; त्यासाठी नेफा मोकळ्या बाजूला घेऊन वेगळे नग शिवावे लागतात.

कापडाआधीच्या परीक्षा

नमुना साध्या सुती कापडावर पोस्टर कलरने रंगवा, खरा छपाईखर्च आत्ता नको.

एक: नमुना काठीला बांधून बिनवाऱ्याच्या खोलीत लटकवा. घड्यांमधून अर्धी चकती आणि एक-दोन तारा दिसतात का? वर्षातले बरेच दिवस झेंडा असाच दिसणार आहे.

दोन: शाळेतल्या दहा-बारा मुलांना दहा सेकंद दाखवा, झाका, आणि अर्ध्या तासाने आठवणीतून काढायला सांगा. गोल डावीकडे आणि आडव्या रेघा एवढं बहुतेकांना जमलं पाहिजे. रेघा तीन की पाच हा गोंधळ होणारच, चालेल. पण गोल कुठे होता हेच आठवलं नाही तर रचना सैल आहे.

तीन: गावाबाहेरच्या माणसाला ‘हे काय वाटतं?’ एवढंच विचारा. ‘सूर्य आणि रस्ता’, ‘जेलीफिश’, ‘वाद्य’ अशी उत्तरं निरुपद्रवी. पक्षाचं, धर्माचं किंवा कंपनीचं नाव दोघांनी घेतलं तर मागे फिरा. हाच प्रश्न सितारमेकर गल्लीतही विचारा, पण वेगळ्या कारणाने: ज्यांची वस्तू आहे त्यांना ती थट्टा वाटता कामा नये. कारागिराने ‘तारा एकमेकींपासून फार लांब आहेत’ म्हटलं तर त्याला पन्नास मीटरवर उभं करून दोन्ही जाडींचे नमुने दाखवा.

समाजमाध्यमांवर मत मागवायचंच असेल तर तयार तीन नमुन्यांवर मागवा, कोऱ्या कागदावर नको. पडद्यावर तपशीलवार चित्राला नेहमी जास्त पसंती मिळते, कारण तिथे ते सहा इंचांवरून पाहिलं जातं.

कापड, छपाई, शिलाई

पाच-दहा झेंड्यांसाठी पांढऱ्या पॉलिस्टरवर सब्लिमेशन छपाई (कागदावरची शाई उष्णतेने कापडात उतरवणं) सोपी. रंग धाग्यात जातो, कापड मऊ राहतं. मागच्या बाजूला मात्र किंचित फिकट दिसतं, म्हणून पातळ कापड घ्या. पन्नासच्या पुढे स्क्रीन छपाई परवडते, आणि इथे दोन रंगांचा हिशेब कामी येतो: हस्तिदंती कापडावर मरूनची एकच स्क्रीन, म्हणजे दोन रंग एकमेकांवर न जुळण्याची भानगडच नाही. उलट, मरून कापडावर फिका रंग छापायला गेलात तर जाड अपारदर्शक शाई लागते. ती कडक होते आणि घडीवर तडकते. एवढं मोठं मरून क्षेत्र छापतानाही शाई पातळ ठेवायला सांगा, नाहीतर झेंडा मेणकापडासारखा होऊन फडकतच नाही.

निवडणुकीत वापरतात ते रोटो कापड स्वस्त आणि हलकं, पण महिन्याभरात कडेने उसवतं. एका दिवसाच्या मिरवणुकीला ठीक. सॅटिन चमकतं, उन्हात त्या चकाकीने रेघा पुसल्या जातात. सुती कापड देखणं, मात्र भिजलं की जड होतं आणि दोरीला ओढ देतं.

९० × ६० सेंटिमीटरच्या झेंड्याचं मोजमाप असं: वर-खाली दीड-दीड सेंटिमीटरची दुहेरी दुमड, म्हणजे उंचीत ६ सेंटिमीटर जादा. मोकळ्या बाजूला दोन सेंटिमीटरची दुहेरी दुमड, ४ सेंटिमीटर जादा. काठीकडे ५ सेंटिमीटर रुंद नेफा, दोन पदर आणि आत वळवायला एक, असे ११ सेंटिमीटर. कापायचा तुकडा १०५ × ६६ सेंटिमीटर. ११२ सेंटिमीटर पन्ह्याच्या कापडात लांबी पन्ह्यावर बसवली की एका झेंड्याला ६६ सेंटिमीटर लागतात. दहा झेंड्यांना सात मीटर घ्या, उरलेलं चाचणीला. सुती असेल तर कापण्याआधी धुऊन आटवून घ्या, नाहीतर पहिल्या पावसात गोलाचा अंडाकार होतो. छपाईवाल्याला नक्षीची कड आणि दुमडीची जागा वेगवेगळ्या रेघांनी दाखवा. तसं केलं नाही तर दुमडीत वरच्या तीन घरांतलं एक जातं आणि गोल कडेला चिकटतो. मरून रंग दुमडीतही पसरलेला हवा, तारांची टोकंही दुमडीच्या आतपर्यंत गेलेली हवीत.

मोकळ्या बाजूला चार ओळी शिलाई मारा आणि दोन्ही कोपऱ्यांत आतून कापडाचा त्रिकोणी तुकडा द्या. फाटायला सुरुवात कोपऱ्यातूनच होते. धागा पॉलिस्टरचा, सुती धागा उन्हाने कापडाआधी कुजतो. नेफ्याचं वरचं तोंड शिवून बंद करा, म्हणजे झेंडा काठीवरून खाली घसरत नाही. दोरीच्या खांबासाठी नेफ्याऐवजी जाड कॅनव्हासची पट्टी आणि दोन पितळी आयलेट, म्हणजे दोरी ओवायच्या कड्या.

समारंभासाठी एक-दोन झेंडे शिवून करावेत. जमीन मरून कापडाची. हस्तिदंती गोल आणि बाहेरच्या तारा समोरून झिगझॅग शिलाईने बसवा, मग मागचं मरून कापड शिलाईपासून पाच मिलिमीटर सोडून कापून टाका, म्हणजे दोन्हीकडून तोच रंग दिसतो आणि वजन वाढत नाही. गोलातल्या मरून तारांच्या जागी फिका तुकडाच कोरून घ्यायचा, खालची जमीन तिथे न कापता ठेवायची. गोलाच्या कडेवर जिथे रंग पलटतो तिथे दोन्ही शिलाया एका बिंदूत यायला हव्यात. दोन मिलिमीटर चुकलं तरी तार तुटलेली दिसते. हे काम मशीनखाली नेण्याआधी कच्चा टाका घालून करा.

एक पान, आणि मोकळीक

झेंडा लोकांनी स्वतः करून घ्यावा असं वाटत असेल तर एका पानावर सगळं द्या: घरांची आखणी, वरची मोजमापं, दोन रंगांचे आकडे, कापडाच्या दुकानात दाखवायला रंगवलेला खरा तुकडा, आणि नक्षीची व्हेक्टर फाइल (कितीही मोठी केली तरी धूसर न होणारी). फाइल दिली नाही तर व्हॉट्सअॅपवरच्या धूसर चित्रावरून छपाई होते, आणि वर्षभरात तीन तारांचे, पाच तारांचे झेंडे निघतात.

चित्राचा हक्क काढणाऱ्याकडे असतो आणि भारतीय कायद्यानुसार तो त्याच्या मृत्यूनंतरही ६० वर्षं टिकतो. उद्या वारसांनी अडवणूक करू नये म्हणून आजच लेखी सोडून द्या. कॉपीराइट कायद्याच्या २१व्या कलमात हक्कत्यागाची तरतूद आहे. सोबत क्रिएटिव्ह कॉमन्सची शून्य-हक्क परवानगी त्याच पानावर छापा. कुणी झेंडे विकून चार पैसे मिळवले तर मिळवू द्या. त्याच पानावर ‘हा झेंडा अनधिकृत आहे, कुठल्याही शासकीय संस्थेचा नाही’ हे वाक्य ठळक असावं.

पहिल्या दिवशी पंचवीस-तीस झेंडे तयार हवेत आणि ते वेगवेगळ्या वस्त्यांत एकाच वेळी लागायला हवेत. एकाच गल्लीत दहा लागले तर झेंडा त्या गल्लीचा होतो. उद्घाटनाला पुढारी बोलावू नका, फोटो निघाला की तो त्यांचा होतो. निवडणुकीची आचारसंहिता चालू असेल तर ती संपेपर्यंत थांबा. दिवस वाद्यांशी किंवा गायनाशी जोडलेला निवडा, धार्मिक मिरवणुकीचा टाळा.

रोज उघड्यावर असलेला झेंडा मिरजेच्या उन्हा-पावसात तीन-चार महिन्यांच्या पुढे चांगला राहील अशी आशा धरू नका. जून ते सप्टेंबर जोराच्या पावसात उतरवा, ओला घडी करून ठेवू नका, आणि प्रत्येक लावणाऱ्याकडे एक जादा नग असू द्या. मोकळी कड उसवू लागली की बोटभर असतानाच कापून पुन्हा दुमडा. अशी तीन वेळा कापली की तारा आखूड दिसायला लागतात. तेव्हा तो झेंडा उतरवून नवा चढवा.